सोडून जाण्याची किंमत

समजा, तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला राहणारा एक मराठी तरुण आहे. तिथे भारतीयांची वस्ती मोठी, ओळखीचा किराणा मिळतो, नोकरी संगणकाची आणि पगार बरा. त्याने एका विक्रेत्याकडे 2012 सालची टोयोटा 86 हेरून ठेवली आहे. सुबारूचं दोन लिटरचं, आडव्या सिलिंडरांचं इंजिन, सहा गिअर हाताने टाकायचे, मागची सीट नावापुरती. "काका, घेऊ का?" एवढंच तो विचारतो. त्याला घरून मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: उधळपट्टी कशाला, तेच पैसे फ्लॅटला लाव. मित्रांचंही ठरलेलं आहे: हौसेला मोल नसतं, घेऊन टाक. मला दोन्ही पटत नाहीत. हौसेला मोल असतं, फक्त परदेशात राहणाऱ्याच्या बाबतीत ते भलत्याच जागी दडलेलं असतं. ती जागा आधी शोधू, हो-नाहीचं मग बघू.

आधी तो स्वतः मांडून आणतो तो हिशेब घेऊ, कारण मुलगा हिशेबाला कच्चा नाही. 2023 च्या ऑक्टोबरपासून जपानमध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नुसती गाडीची किंमत दाखवून भागत नाही, नोंदणी, कर, विमा धरून एकूण रक्कम जाहीर करावी लागते. म्हणजे काचेवरच्या पाटीवर फसगत नाही. त्यानंतरचा खर्चही छापील आहे. पेट्रोलची गाडी 13 वर्षांची झाली की वार्षिक कर साधारण 15 टक्क्यांनी चढतो. या इंजिनाला 39,500 येनांचे 45,400 होतात. वजनावरचा कर दोन वर्षांचा एकदम, शाकेन म्हणजे सक्तीच्या तपासणीच्या वेळी भरायचा. एक ते दीड टनाच्या गाडीला तो एरवी 24,600, तेरा वर्षांनंतर 34,200, अठरा वर्षांनंतर 37,800. जिबाइसेकी हा सक्तीचा विमा 2023 च्या दराने दोन वर्षांना 17,650. हे सगळं वर्षावर पाडलं तर 71 हजार येनांच्या वर जातं, आणि अजून गाडी जागची हललेली नाही. ती हलली की हायओक, म्हणजे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, लिटरमागे साधारण दहा येन महाग. या इंजिनाचे स्पार्क प्लग वर नसतात, दोन्ही कुशींना, चेसिसच्या भिंतीला खेटून असतात. बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा बाजूला काढल्याशिवाय तिथे नीट हात पोचत नाही, त्यामुळे प्लगच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त होते. जुन्या स्पोर्टी गाडीत असंच असतं: वस्तू स्वस्तात हाती येते, पण तिचे भाग आणि तिला लागणारे कसबी हात मूळच्याच भावाने मिळतात.

आणि जागा. 1962 च्या कायद्याने जपानमध्ये गाडी घेणाऱ्याला ती ठेवायची जागा आधी दाखवावी लागते, घरापासून दोन किलोमीटरच्या आत. या दाखल्याला शाको शोमेई म्हणतात आणि तो पोलीस ठाण्यातून मिळतो. अर्जासोबत एक नकाशा द्यायचा: घर कुठे, जागा कुठे, समोरचा रस्ता किती मीटर रुंद, गाडीचा चौकोन किती लांब, किती रुंद. तो हाताने काढला तरी चालतो. जागामालकाचं संमतिपत्र सोबत. महिन्याचं भाडं 20 हजार येन धरलं, आणि तोक्योत ते काही जास्त धरलेलं नाही, तरी वर्षाचे 2,40,000 झाले. कर आणि विम्याच्या तिप्पट! मला या नकाशाबद्दल मनापासून आदर आहे. तुझ्या आनंदाला किती चौरस मीटर लागतात ते काढून दाखव, आणि ती जागा शेजाऱ्याकडून फुकट मागू नकोस, एवढंच तो सांगतो. पुण्या-मुंबईत हा खर्च मालक देत नाही. तो गल्ली देते, फूटपाथवरून रस्त्यात उतरावं लागणारी म्हातारी देते. गाडी तिथेही महागच असते, फक्त तिचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

इथे तो मला अडवतो. "काका, हे सगळं धरूनही परवडतं मला. मी दारू पीत नाही, घरी दर महिन्याला पैसे पाठवतो, उरलेल्यातून घेतोय. मग अडचण कुठे आहे?" अडचण पैशात नाही, हे मलाही मान्य आहे. अडचण तारखांत आहे. गाडीच्या काचेवर आतून एक लहान चौकोनी चिकटपट्टी असते, तिच्यावर पुढच्या शाकेनची तारीख. त्याच्या पाकिटात निवासाचं कार्ड असतं, त्यावरही तारीख. अभियंत्याला हा परवाना मिळतो तो जास्तीत जास्त पाच वर्षांचा, बहुतेकदा एक किंवा तीन वर्षांचा. शाकेन दर दोन वर्षांनी. म्हणजे दर दोन वर्षांनी ती गाडी त्याला विचारते की अजून दोन वर्षं आहेस ना, आणि दर वेळी त्याला एक मोठी रक्कम मोजून "आहे" म्हणावं लागतं. पण ते "आहे" पूर्णपणे त्याच्या हातात नाही. नोकरी सुटली आणि योग्य कारणाशिवाय तीन महिने त्या प्रकारचं काम केलं नाही, तर परवाना रद्द होऊ शकतो. इकडे आई आजारी पडली, तर तीन महिनेही लागत नाहीत, एका रात्रीत विमान पकडावं लागतं.

अशा घाईत गाडीचं काय होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. जपानमध्ये अशी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला नोंदवलेला शिक्का लागतो आणि त्या शिक्क्याचा नगरपालिकेने दिलेला दाखला. शिक्का म्हणजे बोटभर लांबीची कांडी, टोकाला आडनाव कोरलेलं. देश सोडतोय अशी नोंद त्याच नगरपालिकेत केली की शिक्क्याची नोंद रद्द होते. कांडी खिशात राहते, पण तिच्या ठशाला किंमत उरत नाही. मग परक्या देशातून सह्यांचे दाखले, मुखत्यारपत्र, टपाल यांच्या मागे लागावं लागतं. तोवर जागेचं भाडं चालू. 1 एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर, त्याला वर्षाचा कर, मग तो तेव्हा साताऱ्यात असो की सोलापुरात. आणि हे सगळं निस्तरायला मागे राहतो कोण? बहुतेकदा एखादा मित्र, ज्याने ती गाडी कधी चालवलीसुद्धा नाही. विक्रेत्याने पाटीवर एकूण रक्कम लिहिली, ती गाडीपर्यंत पोचण्याची होती. तिच्यापासून सुटण्याची रक्कम कुठल्याच पाटीवर नाही, आणि परदेशात राहणाऱ्याचं खरं मोल तिथे दडलेलं आहे. गावात राहणाऱ्याला ती वेगळी मोजावी लागत नाही, कारण त्याच्याजवळ चुलतभाऊ असतो, ओळखीचा मेकॅनिक असतो, आणि मुख्य म्हणजे वेळ असतो. परदेशात हे तिन्ही विकत घ्यावे लागतात.

"विकायची घाई कशाला? सोबत घेऊन येईन. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडेच." हे त्याचं स्वप्न मला कळतं. स्टिअरिंगचा मुद्दा खरा आहे आणि जुनी गाडी मुंबईत उतरूही शकते; वापरलेल्या गाड्यांसाठी भारताने तेवढंच एक बंदर ठेवलं आहे. पण ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. 2012 ची गाडी तिथे उतरणार नाही. मग तो दुसरं टोक पकडतो: जपानी स्पोर्ट्स गाड्यांना जगभर भाव आहे, ठेवली तर किंमत वाढेल. भाव आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण माहीत असलेलं बरं. अमेरिका 25 वर्षांपेक्षा जुन्या परदेशी गाडीला आपले सुरक्षा नियम लावत नाही, म्हणून नव्वदच्या दशकातल्या स्कायलाइनसारख्या गाड्या तिकडे जातात आणि भाव चढतो. ही गाडी त्या वयाला पोचेल 2037 मध्ये. तोवर तिला जागा, तपासणी आणि चढता कर देत थांबावं लागेल. जिथे आपलं थांबणंच अनिश्चित, तिथे थांबण्यावर नफा लावणं याला गुंतवणूक म्हणता येणार नाही.

मग सोपा मार्ग उरतो: भाड्याने घे. रविवारी घ्यावी, हाकोनेच्या घाटात फिरवावी, संध्याकाळी परत करावी. हा मार्ग हिशेबात बसतो आणि पुष्कळांसाठी तोच योग्य आहे. तरी त्याचं यावरचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. तो म्हणतो, "काका, घर भाड्याचं, सायकल जुन्या बाजारातली, पलंग आधीच्या भाडेकरूचा. परत जायचंय, म्हणून चार वर्षं काहीच माझं केलं नाही. अजून किती वर्षं पाहुण्यासारखं राहू?" प्रत्येक येनाचे मनात रुपये करायची सवय परदेशी गेलेल्या बहुतेकांना लागते. ती काटकसर शिकवते, पण खर्चाची तुलना चुकवते, कारण पगारही तिथलाच असतो आणि ज्या वर्षांत तो मिळतो ती वर्षंही तिथेच जातात. वर्षं काही रुपयांत बदलून गावी पाठवता येत नाहीत. भाड्याच्या गाडीत वेग मिळतो. थंड सकाळी इंजिन तापेपर्यंत धीर धरायचा, कुठला गिअर कुरकुरतो ते कानाने ओळखायचं, हे मिळत नाही. वस्तूची काळजी घेण्यातून माणूस एखाद्या जागेत रुजतो, हे मी मानतो. म्हणून उधळपट्टी हा शब्द मला इथे अन्यायाचा वाटतो.

पण याच टोकावर त्याचा सगळ्यात धारदार प्रश्न येतो: "रुजायचंय म्हणून घेतोय, आणि तुम्ही सांगताय सोडायचे पैसे आधी बाजूला ठेव. असा हात राखून कुणी रुजतं का?" याचं उत्तर जपानच्याच एका कायद्यात सापडतं. 2005 पासून तिथे प्रत्येक गाडीमागे ती मोडीत काढण्याचं शुल्क आधीच भरून ठेवलेलं असतं. गाडी विकली की नवा मालक ती रक्कम जुन्या मालकाला देतो, आणि असं हातोहात होत ती शेवटच्या मालकापर्यंत पोचते. नवी कोरी गाडी दुकानातून निघते तेव्हाच तिच्या शेवटाची सोय झालेली असते. त्यामुळे तिच्यावर कुणाचा जीव कमी जडला आहे, असं दिसत नाही. उलट, ज्याचा शेवट दुसऱ्याच्या गळ्यात पडणार नाही, त्याच्यावर मोकळेपणाने जीव लावता येतो. हात राखणं आणि हात मोकळा ठेवणं यात फरक आहे. शेवटाची सोय न करणारा, आपण निघू तेव्हा कुणीतरी सांभाळून घेईल असं मनात धरून चालतो, आणि असं गृहीत धरणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी पाहुणाच असतो.

विम्याचंही असंच आहे, आणि इथे मी कडक आहे. सक्तीचा जिबाइसेकी फक्त दुसऱ्याच्या शरीराचं बघतो. मृत्यूला तीन कोटी येनांपर्यंत, साध्या दुखापतीला 12 लाख. दुकानाची काच, विजेचा खांब, समोरची गाडी यांतलं काहीच त्यात नाही. उरलेलं ऐच्छिक विम्यातून, आणि त्यात वीस श्रेण्या असतात. नवा माणूस सहाव्या श्रेणीत सुरू होतो, विनाअपघात एकेक वर्षाने एकेक पायरी चढतो. परदेशातून आलेल्याचा हप्ता त्यामुळे सुरुवातीला जड असतो, आणि नेमका तोच वगळायचा मोह होतो. तो वगळून घेतलेला आनंद वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या जिवावर उधार घेतलेला असतो. त्याला माझी संमती नाही.

तेव्हा त्याच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे, पण एका ठरलेल्या क्रमाने. निवासाचं कार्ड आणि काचेवरची चिकटपट्टी शेजारी धरायची. शाकेन नुकतं झालेली आणि कार्डाच्या मुदतीत ते निदान एकदा संपणारी गाडी बघायची. ऐच्छिक विम्याचा दर गाडी ठरवण्याआधी काढायचा. तीन महिन्यांचं जागाभाडं, नोंदणी रद्द करण्याचा खर्च आणि एका माणसाच्या दोन दिवसांच्या कामाचा मोबदला एवढी रक्कम वेगळी ठेवायची. ज्याच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं, त्या मित्राला आत्ताच विचारायचं. परत जायचं ठरलंच, तर मार्च संपण्याआधी आणि शिक्क्याची नोंद जिवंत असताना गाडी सोपवायची. नोंदणी वेळेत रद्द केली, तर उरलेल्या महिन्यांचा कर परतही मिळतो. तो सगळं लिहून घेतो आणि म्हणतो, "काका, यातलं एक जरी जमलं नाही तर?" तर भाड्याची गाडी आहे, हाकोनेचा घाटही तिथेच आहे. जमलं, तर पट्टी घेऊन त्या जागेवर जा, समोरच्या रस्त्याची रुंदी मोज, आणि नकाशा काढायला बस.