ज्याला वास आला त्याचे कर्तव्य

घरोघरी चुलीच्या जागी येऊन स्थिरावलेल्या गॅसला मुळात कसलाही गंध नसतो, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही ठाऊक नसते. प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन निर्गंध व निर्वर्ण वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूप करून टाकीत भरलेले असते. आणि कुजक्या कोबीची आठवण करून देणारी जी उग्र दुर्गंधी आपण ‘गॅसचा वास’ म्हणून ओळखतो, ती इथिल मर्केप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याची असून ते द्रव्य अत्यल्प प्रमाणात, हेतुपुरस्सर, त्यात मिसळलेले असते. म्हणजे हा वास कोणीतरी आपल्या रक्षणासाठी विचारपूर्वक तेथे ठेवला आहे. आणि तो ठेवण्याची सक्ती कायद्याने व्हावी, एवढे शहाणपण येण्यापूर्वी शेकडो मुलांचे प्राण जावे लागले.

१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास संस्थानात, न्यू लंडन नावाच्या गावच्या शाळेत ही घटना घडली. भोवताली तेलाच्या विहिरी असल्यामुळे ती शाळा चांगली सधन होती; तथापि इंधनावरचा खर्च वाचावा म्हणून तेलक्षेत्रात वाया जाणारा नैसर्गिक वायू नळाने इमारतीत आणण्याची तजवीज तेथील चालकांनी केली होती. त्या वायूला वास नव्हता. गळती होऊन तो जमिनीखालच्या पोकळीत साठत राहिला. डोके दुखते अशी तक्रार मुले काही दिवस करीत होती, पण तिची दखल कोणी घेतली नाही. आणि अखेर कर्मशाळेतील एक विजेचे यंत्र सुरू होताच उडालेल्या ठिणगीने क्षणार्धात सारी इमारत उद्ध्वस्त झाली. सुमारे ३०० जीव गेले, त्यांतली बहुतेक मुले होती. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत टेक्सासच्या विधिमंडळाने अशा वायूत गंधद्रव्य मिसळणे सक्तीचे केले आणि पुढे ती रीत जगभर रूढ झाली.

या इतिहासातून मला एक कर्तव्य स्पष्टपणे निघताना दिसते, आणि ते टाकीच्या मालकापुरते मर्यादित नाही. सूचना जर आसपासच्या प्रत्येक नाकासाठी ठेवलेली आहे, तर ती ज्याला प्रथम जाणवली त्याने ती आपल्यालाच मिळाली असे मानले पाहिजे. टाकी कोणाच्या नावावर आहे, शेगडी कोणाची आणि कसूर कोणाची, याचा निवाडा मागाहून करता येईल. त्या घटकेपुरती सारी जबाबदारी ज्याला वास आला त्याची आहे.

हे तत्त्व मी केवळ शेजारधर्माच्या प्रेमापोटी मांडतो असे नाही. त्या वायूचा स्वभावच तसे सांगतो. टाकीतला गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर जाऊन विरत नाही; फरशीवरून सरपटत, उंबरठ्याखालच्या फटीतून, मोरीच्या तोंडातून, जिन्याच्या पायऱ्यांवरून तो खाली उतरत राहतो आणि खोलगट जागा सापडली की तेथे मुक्काम करतो. द्रवरूपातील एक लिटर गॅस मोकळा झाला की त्याचे सुमारे २५० लिटर होतात, आणि हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास पोचले तरी तो पेट घेऊ शकतो. घरगुती टाकीत तर तो १४.२ किलो भरलेला असतो. तेव्हा वरच्या मजल्यावर कॉक उघडा राहिला, तर संकटाच्या वाटेत खालच्या मजल्यावरचा तो गृहस्थही येतो ज्याने काहीच केलेले नाही, आणि कित्येकदा वासही त्यालाच आधी येतो. मुंबई-पुण्याकडे नळाने येणारा नैसर्गिक वायू याच्या उलट हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जमतो. तेथे खिडक्यांबरोबर वरचे झरोकेही उघडले पाहिजेत. बाकीचे कर्तव्य दोहोंनाही सारखेच लागू आहे.

आता या कर्तव्याच्या आड येते ती भीड. आमच्या परिचयाच्या एका जुन्या इमारतीत संध्याकाळच्या वेळी जिन्यात हा वास दरवळत होता. कचेरीतून परतणारी मंडळी त्या जिन्यावरून वर गेली. कोणाला वाटले की कोठेतरी टाकी बदलली जात असावी, कोणाला वाटले की उगीच दुसऱ्याच्या दारावर जाऊन चौकशी कशाला करावी, आणि प्रत्येकाने आपापल्या दाराला आतून कडी लावून घेतली. अखेर पोळ्या करायला येणाऱ्या एका बाईंनी एकेक दार हाताच्या तळव्याने ठोठावण्यास प्रारंभ केला. घंटेच्या बटणाला त्यांनी स्पर्श केला नाही. एका बिऱ्हाडातले दार बराच वेळ उघडेना, तेव्हा त्या तेथेच उभ्या राहून हाका मारीत राहिल्या. आत एक वृद्ध गृहस्थ झोपलेले होते. शेगडीवरचे दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि बर्नरवर साय करपून चिकटलेली असताना तिच्याभोवतीच्या छिद्रांतून गॅस मात्र वाहत होता. त्या इमारतीत बाईंचे स्वतःचे घर नव्हते, आणि चुकीच्या दारी आवाज चढवला असता तर बोलणी त्यांनाच खावी लागली असती. ज्यांना तशी काही भीती नव्हती ते सारे आधीच आपल्या घरात जाऊन बसले होते. या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि प्रत्येक वेळी त्या जिन्यावरून गेलेल्या शिकल्यासवरल्या माणसांविषयी मला खेद वाटला आहे.

घंटा न वाजवण्यात केवढे मर्म आहे, हे येथे सांगितले पाहिजे. वास आला की माणसाचा हात सवयीने धावतो: अंधार असेल तर दिव्याच्या बटणाकडे, वास घालवावा म्हणून पंख्याकडे, आणि हे दोन्ही हात घातक आहेत. विजेचे बटण चालू करताना जशी सूक्ष्म ठिणगी पडते तशीच ते बंद करतानाही पडते. म्हणून जळता दिवा जळत ठेवावा आणि बंद असलेला बंदच राहू द्यावा. त्या खोलीत मोबाईलही हाती घेऊ नये. देवघरातली समई किंवा निरांजन तेवत असेल, उदबत्ती जळत असेल, तर वास सौम्य असतानाच ती शांत करावी. देवापुढचा दिवा अवेळी मालवणे अनेकांच्या मनाला लागते हे मी जाणतो, परंतु घरातल्या जिवांच्या रक्षणासाठी विझवलेल्या दिव्याने कोणत्याही देवतेचा अवमान होत नाही अशी माझी श्रद्धा आहे. शेगडीच्या चाव्या फिरवून बंद कराव्यात, टाकीवरच्या रेग्युलेटरची कळ बंद करावी, दारेखिडक्या सताड उघडाव्यात आणि मुलाबाळांना, वृद्धांना घेऊन बाहेर पडावे. मात्र वास अतिशय उग्र असेल किंवा टाकीपाशी फुसफुस ऐकू येत असेल, तर टाकीपर्यंत जाण्याचे साहसही करू नये. वाटेतले दार उघडे टाकून सर्वांनी तत्काळ बाहेर जावे. विजेची मुख्य कळ घराबाहेर, गॅसपासून दूर असेल तरच ती बंद करावी. पुरेशा अंतरावर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर इत्तला द्यावी; टाकीच्या गॅसच्या गळतीसाठी तो अहोरात्र चालू असतो. आगीची भीती असेल तर १०१ आहेच. तपासनीस येऊन निर्वाळा देईपर्यंत, एखादी विसरलेली वस्तू आणण्यासाठीदेखील, कोणी आत जाऊ नये.

संकटात धावून जाणाऱ्याची आपण स्तुती करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु येथे पहिला सद्गुण संयमाचा आहे. आयुष्यभर ज्या बटणावर हात न पाहता पडत आला तो हात त्या अंधाऱ्या खोलीत आवरून धरणे, यात केवढे मनोबल लागते हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. आणि हे बळ आयत्या वेळी येत नसून, घरातल्या प्रत्येकाशी, अगदी शाळकरी मुलांशीही, आधी शांतपणे बोलून ठेवल्यानेच येते.

ज्यांना हा वास येतच नाही त्यांचे काय, हा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. वार्धक्यात घ्राणशक्ती मंदावते. सर्दीने नाक चोंदते. आणि निरोगी माणसाचे नाकसुद्धा एकाच वासात काही काळ राहिले की त्याला सरावते, म्हणून खोलीत बसलेल्या माणसाला वास कमी झालासा वाटतो तेव्हा गॅस कमी झालेला असतोच असे नाही. बाहेरून आलेल्याने ‘वास येतोय’ म्हटले आणि घरातल्याने ‘मला तर नाही येत’ म्हणून उत्तर दिले, तर विश्वास बाहेरून आलेल्याच्या नाकावर ठेवावा. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घराची एक किल्ली शेजारी असावी, त्यांच्या शेगडीची विचारपूस येताजाता व्हावी, आणि या विचारपुशीची तसदी कोणी उपकार म्हणून मोजू नये.

हयगयीचा भाग राहिला. रबरी नळीला मुदत असते. तिच्यावरील सालाकडे बघून साधारण पाच वर्षांनी, आणि चिरा पडल्या तर तत्पूर्वीच, ती बदलावी. टाकीच्या मुठीखालच्या पट्टीवर आतील बाजूस एक अक्षर व दोन अंक रंगवलेले असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि त्याच क्रमाने सी व डी, पुढचे अंक सालाचे. त्या तिमाहीत टाकीची रीतसर चाचणी व्हावयाची असते; ती मुदत उलटलेली टाकी दारातूनच परत करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. सांध्यातून गळती आहे की काय हे पाहण्यासाठी काडी पेटवणारी माणसे अद्यापि आढळतात. त्यांना हात जोडून सांगावेसे वाटते की वाटीभर साबणाचा फेस नळीवर आणि रेग्युलेटरच्या सांध्यावर फिरवला की जेथे गळती असेल तेथे बुडबुडे आपोआप फुगू लागतात.

टाकी पोचवणाऱ्या माणसानेही दारात सील उघडून, झडपेतील रबरी वायसर पाहून, गळती नाही याची खात्री पटवून द्यावी असा दंडक आहे. पण खांद्यावर ओझे घेऊन जिने चढणाऱ्या त्या माणसाला पुढची घरे गाठायची असतात, आपल्यालाही घाई असते, आणि सही करून दार लोटले जाते. त्याला पाणी विचारावे, थांबवून घ्यावे आणि तपासणी पुरी करून घ्यावी. त्यामुळे पुढच्या घरी टाकी पोचायला उशीर झाला, तर त्या घराने त्याच्यावर रागावू नये.