काचेआडची मूर्ती आणि आपली साक्ष

सॅन फ्रान्सिस्को येथे राहणाऱ्या माझ्या भाचीने मध्यंतरी दूरध्वनीवर एक प्रश्न विचारला. तिच्या दहा वर्षांच्या मुलीचा वर्ग तेथील एशियन आर्ट म्युझियम पाहावयास जाणार होता व पालकांचे संमतिपत्र घरी आले होते. "मामा, तिथं सगळ्या बुद्धाच्या, शिवाच्या, गणपतीच्या मूर्ती. सही करू की नको? तुम्हीच सांगा." मी लगेच "कर" म्हणालो, परंतु इतक्या झटपट उत्तर दिल्याची रुखरुख मनाला लागून राहिली. प्रश्न सहलीचा नव्हताच. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या वस्तूकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, असा तो होता.

ॲव्हरी ब्रंडेज यांनी शहरास दिलेल्या संग्रहातून हे संग्रहालय १९६६ साली सुरू झाले. २००३ पासून ते जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. तेथे १८,००० हून अधिक वस्तू आहेत. इ. स. ३३८ हे साल कोरलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चिनी बुद्धमूर्ती त्यांपैकीच एक. साल कोरलेल्या ज्ञात चिनी बुद्धमूर्तींत ती सर्वांत प्राचीन होय. शाळेच्या मुलांना प्रशिक्षित स्वयंसेवक दालनांतून हिंडवतात व वस्तूंमागील कथा सांगतात.

अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, "ही केवळ कला आहे, काही बिघडत नाही." दुसरे म्हणते, "तिकडे पाहूच नये." दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि म्हणूनच मला ती संशयास्पद वाटतात.

पहिले उत्तर सत्य नव्हे. ज्याने ती मूर्ती घडविली त्याने ती काचेच्या कपाटासाठी घडविली नव्हती. आपल्या मंडळीतील प्रभुभोजनाचा प्याला उद्या एखाद्या कपाटात ठेवला आणि खाली "धातूचे पात्र, एकोणिसावे शतक" एवढेच लिहिले, तर आपणांस काय वाटेल? त्या शब्दांत खोटे काही नाही. परंतु जे मुख्य तेच गळालेले आहे.

दुसऱ्या उत्तराला पौलाचे उदाहरण आड येते. अथेनै नगरातील मूर्ती पाहून तो अंतर्यामी खवळला, असे लूक नमूद करतो. तेथे 'थेओरेओ' हे साधे क्रियापद आहे. पुढे अरीयपगावर बोलताना मात्र पौल स्वतःच्या पाहण्याविषयी 'अनाथेओरेओ' हे क्रियापद वापरतो. उपसर्गामुळे त्यात निरखून, बारकाईने पाहण्याचा अर्थ येतो. भाषांतरकाराने दोन्ही ठिकाणी नुसते 'पाहिले' असे लिहिले, तर हे अंतर नाहीसे होते. शिवाय ज्या वस्तू त्याने पाहिल्या त्यांना तो तेथे 'सेबास्माता', म्हणजे पूज्य वस्तू, असे म्हणतो. तिरस्काराचा शब्द योजत नाही. आपला मतभेद त्याने लपविला नाही, पुढे तो स्पष्ट मांडला. पण आधी निरखले आणि मग तो बोलला.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. शेजारी कशाला व का नमन करतो हे जाणून न घेता त्याविषयी बोलणे, हीदेखील खोटी साक्षच नव्हे काय? तारुण्यात व्यासपीठावरून मी इतरांच्या उपासनेविषयी पुष्कळ बोललो. त्यातील बरेचसे मी कधी निरखून पाहिले नव्हते, हे आज कबूल केले पाहिजे.

खरेपणाने पाहू लागले की आणखी एक प्रश्न उभा राहतो: ही वस्तू येथे आली कशी? याच संग्रहालयात थायलंडमधील दोन प्राचीन मंदिरांच्या दारांवरील कोरीव शिळा होत्या. त्या बेकायदेशीरपणे देशाबाहेर नेल्या गेल्या, असा दावा अमेरिकन सरकारने २०२० साली न्यायालयात दाखल केला, आणि २०२१ साली त्या थायलंडला परत गेल्या. चोरी न करण्याची आज्ञा परक्याच्या मंदिराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. ज्याची उपासना आपणांस मान्य नाही, त्याच्याही वस्तूवर त्याचाच हक्क असतो.

सहलीहून परतल्यावर भाचीच्या मुलीने आईला विचारले, "मम्मी, इथं त्यांच्यापुढे कुणी फुलं का ठेवत नाही?" भाचीला उत्तर सुचले नाही. मला वाटते, मूल नीट पाहून आले. तिने मूर्तीपुढे डोके टेकले नाही, तसेच तिला निव्वळ शोभेची वस्तूही मानले नाही. काचेपलीकडे कधी काळी उभ्या असलेल्या माणसांची तिला आठवण झाली.

दिल्ली असो, कोलकाता असो वा बडोदे, आपली मुलेही अशा दालनांतून जातात. त्यांना अवश्य पाठवावे. परत आल्यावर "काय पाहिलेस?" एवढेच न विचारता, "ते कोणाचे होते?" हेही विचारावे, आणि उत्तर देताना आपली स्वतःची साक्ष खरी ठेवावी.