घर घेतले की शाळा?

मंडळी, घर पाहावे बांधून असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत ते हप्ते भरून पाहावे लागते. आम्ही १९९८ साली शिकागोच्या पश्चिमेला ऑरोरामध्ये घर घेतले. चार बेडरूम, बेसमेंट, दोन गाड्यांचे गराज आणि गणपतीच्या आरतीला पन्नास माणसे उभी राहतील एवढी फॅमिली रूम. शिवाय गावातच बालाजीचे मंदिर. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला आणखी काय हवे? आई पहिल्यांदा आली तेव्हा घरभर फिरून तिने एवढेच विचारले, "हे सगळं झाडतं कोण?"

खरे सांगायचे तर आम्ही घर घेतले नव्हते, शाळा घेतली होती. ऑरोरा गाव एक, पण शाळांचे जिल्हे अनेक. आमची गल्ली इंडियन प्रेअरी २०४ मध्ये येते. त्याच गावात थोडे पश्चिमेला गेले की पूर्व ऑरोराचा १३१ क्रमांकाचा जिल्हा लागतो. तिथली बहुतेक मुले लॅटिनो, कमी मिळकतीच्या घरांतली. इलिनॉयमध्ये शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. घरे महाग म्हणून कर भरपूर, कर भरपूर म्हणून शाळा चांगली, आणि शाळा चांगली म्हणून घरे आणखी महाग! २०१७ साली राज्याने सूत्र बदलले, नवा पैसा आधी गरजू जिल्ह्यांकडे जाऊ लागला, पण इतक्या वर्षांचे अंतर एका कायद्याने कसे भरून निघणार? आम्ही मात्र किचन नंतर पाहिले, नकाशावरची रेषा आधी.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पाटलाचा मुलगा आणि त्यांच्या गड्याचा मुलगा त्यांच्या वर्गात एकाच सतरंजीवर बसत. (मला मात्र त्यांनी शहरातल्या नावाजलेल्या शाळेत घातले. रेषा तिथेही होतीच.)

मार्च २००६ मध्ये आमच्या जिल्ह्यात तिसऱ्या हायस्कूलसाठी सार्वमत झाले. मी नुकताच नागरिक झालो होतो. धाकटी अकरा वर्षांची, म्हणजे शाळा आमच्याच कामाची. पत्रके घेऊन दारोदार फिरलो. शेजारचे निवृत्त गृहस्थ, त्यांची मुले केव्हाच मोठी झालेली. त्यांनी कराचे बिल बाहेर आणून मला अर्धा तास ऐकवले. मी निमूटपणे परतलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्यांच्या हिरवळीवर 'हो'ची पाटी! सार्वमत जिंकले. २००९ साली शाळा उघडली आणि आमची मुलगी तिथे गेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सार्वमत आले, शाळांच्या इमारतींसाठी ४२ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचे. आता मुले दूरच्या शहरांत आणि तीन बेडरूम रिकाम्या. मी जेवताना म्हटले, "आपली मुलं शिकून गेली. आता आपण का भरायचं?" हिने पोळी लाटता लाटता त्या शेजाऱ्यांचे नाव घेतले, बस्स. ते आता नाहीत.

आपल्याकडे माणूस जन्मतःच ऋणी मानला आहे. त्यातले ऋषिऋण शिकण्या-शिकवण्याने फेडायचे. बँकेचे कर्ज फिटले तेव्हा मी पेढे वाटले होते. या दुसऱ्या ऋणाचे स्टेटमेंट येत नाही, त्यामुळे फिटले असे समजणे फार सोपे!

मी 'हो' म्हटले, प्रस्तावही मंजूर झाला. पण मनाला समाधान म्हणावे तसे नाही. आमच्या जिल्ह्याच्या शाळा चांगल्या राहिल्या तर माझ्या घराचा भाव टिकतो. मग मी ऋण फेडले की गुंतवणूक केली? आणि फेडले असेल तर रेषेच्या अलीकडच्याच मुलांचे. आमचे घर पंधरवड्याला साफ करणाऱ्या बाईंची मुले १३१ मध्ये शिकतात. त्यांनी भरलेल्या भाड्यातून घरमालकाचा करही निघतोच की. त्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल मी त्यांना कधी विचारलेलेही नाही.

आता गुडघे जिने चढू देत नाहीत, म्हणून घर विकायचे ठरते आहे. परवा एक तरुण मराठी जोडपे बघायला आले. कडेवर दोन वर्षांचा मुलगा. फॅमिली रूमकडे त्यांचे लक्षही गेले नाही. "काका, शाळा कुठली येते?" त्याने दारातच विचारले. आणि मी, मंडळी, छाती फुगवून सांगितले, "दोनशे चार!"