चौदा दिवसांचे घर

नॅरोबोट ही इंग्लंड आणि वेल्समधल्या अरुंद कालव्यांसाठी बांधलेली पोलादी नौका. रुंदी जेमतेम 7 फूट, लांबी फार तर 72 फूट. हे माप 18व्या शतकात ठरले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या आखणीनुसार 1766 मध्ये ट्रेंट अँड मर्सी कालव्याचे काम सुरू झाले. पाणी आणि पैसा दोन्ही वाचावेत म्हणून त्याचे लॉक, म्हणजे नौका वर-खाली नेणारे पाण्याचे हौद, अरुंद ठेवले गेले. पुढचे अनेक कालवे त्याच मापाने झाले, आणि आज त्या नौकांवर राहणाऱ्यांची स्वयंपाकघरेही त्याच मापात बसवावी लागतात. मालवाहतूक संपून कित्येक दशके लोटली. आता या नौका कुणाची सुटीतली हौस आहेत, तर कुणाचे बारमाही घर. या घरामुळे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: जमिनीच्या एका तुकड्यावरही हक्क न सांगता माणसाला घर असू शकते का, आणि असले तर त्यात त्याची मुळे धरतात का?

कायद्याने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले आहे. नौका मालकाची असते. पाणी आणि काठ मात्र त्याचे नसतात. 1968च्या वाहतूक कायद्याने सरकारी कालव्यांवर नौका हाकण्याचा सार्वजनिक हक्क संपला आणि त्याची जागा परवान्याने घेतली. 1995च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे परवान्यासाठी तीन गोष्टी लागतात: सुरक्षा-प्रमाणपत्र, विमा आणि नौका बांधायची कायमची जागा, म्हणजे होम मुरिंग. अशी जागा नसेल, तर नौका खरोखरच प्रवासासाठी वापरली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग 14 दिवसांहून अधिक थांबता कामा नये. परिस्थिती पाहता वाजवी असेल तरच मुक्काम वाढवता येतो. 2012 पासून हे कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्याकडे सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग आहेत आणि त्यांवर 35,000च्या आसपास नौका आहेत. त्यांतल्या 6,000हून अधिक नौकांना ठरलेली जागा नाही. त्या सतत फिरत्या आहेत.

मुक्कामाला मुदत घालणारा नियम भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल. जैन साधूंच्या आचारात विहार आहे: एका गावी फार तर महिनाभर राहावे आणि पुढे निघावे, पावसाळ्याचे चार महिने मात्र एकाच जागी चातुर्मास करावा. कालव्यावरही असे चार महिने असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लॉकच्या दुरुस्त्या चालतात, पाणी गोठते, आणि ट्रस्ट पैसे घेऊन हिवाळी मुक्कामाच्या जागा देते. नियमांमागचे हेतू मात्र निराळे आहेत. साधूने निघायचे ते स्थळाचा, माणसांचा मोह जडू नये म्हणून, आणि चातुर्मासात थांबायचे ते ओल्या जमिनीवरचे जीव तुडवले जाऊ नयेत म्हणून. नौकावासीयाने निघायचे ते मागून येणाऱ्याला काठ मोकळा मिळावा म्हणून. पहिल्या नियमाचा रोख मनाकडे आहे, दुसऱ्याचा वाटणीकडे.

म्हणूनच नॅरोबोटीवरचे राहणे सरसकट अपरिग्रह ठरवणे घाईचे आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख आसक्तीवरून केली आहे. वस्तू किती, हा मुद्दा तिथे दुय्यम आहे. सात फुटी खोलीत वस्तू आपोआप कमी होतात, आसक्ती कमी होईलच असे नाही. पितळी कड्या घासून लखलखीत ठेवणारा, दर दोन-तीन वर्षांनी नौका पाण्याबाहेर काढून तिच्या तळाला डांबरी लेप देणारा मालक तिच्यावर जीव टाकत असतो, आणि टाकलाही पाहिजे. लेप वेळेवर दिला नाही तर पोलादाला गंज खातो. तेव्हा वैराग्याचा शोध इथे घेऊ नये. ही नौका शिकवते ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती रोजच्या कामांत सापडते.

नौकेतली पाण्याची टाकी साधारण 400 ते 600 लिटरची असते. काटकसर केली तर दोघांना ती आठवडाभर किंवा थोडी जास्त पुरते. मग पाण्याच्या नळापर्यंत नौका न्यायची, काठाला बांधायची, पाइप जोडायचा आणि टाकी भरेपर्यंत तासभर उभे राहायचे. शौचालयाची पेटी, तिला कॅसेट म्हणतात, दोन-चार दिवसांत भरते. भरलेली कॅसेट वीसेक किलोंची होते. ती हाताने उचलायची, तिला चाके असतील तर जमिनीवरून ढकलत एल्सन पॉइंटपर्यंत, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागेपर्यंत न्यायची, झाकण फिरवून तोंड खाली करायचे, शिंतोडे न उडवता ओतायची, दोन-तीनदा विसळायची आणि मागच्या माणसासाठी जागा धुऊन निघायचे. दिव्यांना लागणारी वीज छपरावरच्या सौरपट्ट्यांतून किंवा इंजिन चालवून बॅटरीत साठवावी लागते; डिसेंबरात सूर्य जेमतेम वर येतो, तेव्हा वीज बेतानेच वापरावी लागते. उबेसाठी कोळशाची किंवा लाकडाची शेगडी असते. तिची राख विझली असे समजून आत ठेवली तर बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. म्हणून अलार्म ही आता दर चार वर्षांनी घ्यायच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची अट आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो तळाशी जाऊन बसतो, म्हणून सिलिंडर बाहेर निचरा होणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवतात.

शहरातल्या फ्लॅटमध्येही माणूस पाणी वापरतो, मैला निर्माण करतो, इंधन जाळतो. फरक इतकाच की तिथे पाणी भिंतीतून येते आणि मैला जमिनीखालून जातो, दोन्ही नजरेआड. नौकेवर आपल्या गरजांचे वजन हाताला कळते. नैतिक विचारात ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ज्याचा भार आपण उचलतो त्याचीच जबाबदारी मनाला खरी वाटते. हे ज्ञान माणसाला चांगला करील अशी हमी नाही. पण अज्ञानाची सबब मात्र उरत नाही.

हेच लॉकवर सामुदायिक रूपात दिसते. अरुंद लॉक एकदा रिकामा केला की लाखभर लिटरहून अधिक पाणी खालच्या टप्प्यात जाते, आणि ते वरच्या जलाशयातूनच भरून यावे लागते. म्हणून समोरून नौका येत असेल आणि पाण्याची पातळी तिच्या सोयीची असेल, तर आपण थांबायचे. लॉक तिने वापरल्यावर तो आपल्यासाठी आपोआप तयार होतो. विंडलास नावाची लोखंडी किल्ली फिरवून झडपा उघडायच्या, खाली उतरताना मागच्या उंबऱ्यावर नौकेची शेपूट अडकू नये म्हणून काठावरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढेच राहायचे, निघताना दरवाजे-झडपा बंद आहेत का पाहायचे. बांधलेल्या नौकांजवळून जाताना वेग इतका उतरवायचा की त्यांचे दोर ताणले जाऊ नयेत. कुणी एक झडप उघडी ठेवून गेला, तर रात्रीतून मैलभराचा पट्टा आटून तिथल्या नौका चिखलात बसतात. सामाईक संपत्तीवरचा हा धडा पुस्तकी नाही.

मुळांचा प्रश्न सिमोन वेल या फ्रेंच तत्त्वचिंतक स्त्रीने 1943 मध्ये लंडनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात मध्यवर्ती आहे. मुळे असणे ही तिच्या मते आत्म्याची सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गरज. ही मुळे तिने समाजाच्या जीवनात घेतलेल्या खऱ्या सहभागात पाहिली. जन्मस्थान हा त्यातला एक भाग. पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘क्रेसी’ या नौकेवर राहून केलेल्या प्रवासाचे ते वर्णन. त्यातूनच ओळखी होऊन 1946 मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली आणि बुजत चाललेले कालवे वाचवण्याची चळवळ उभी राहिली. एक फिरती नौका, आणि तिने हजारो लोकांना एका वारशाशी जोडले. वेलच्या कसोटीने पाहिले तर फिरत्या माणसाला मुळे असू शकतात. ती एका जागेऐवजी एका वाटेत असतात. कोळसा आणि डिझेल घेऊन ठरावीक वारी करणाऱ्या फ्युएल बोटीची वाट पाहणारे, लॉकवर अनोळखी माणसासाठी दरवाजा ढकलणारे लोक याची साक्ष देतात.

पण समाजव्यवस्था माणसाला जागेवरूनच मोजते, आणि हे आजचे नाही. रेल्वेच्या स्पर्धेत मजुरी घसरली तेव्हा 19व्या शतकातल्या नावाड्यांनी बायकामुले नौकेवर आणली. सुमारे दहा फूट लांबीच्या मागच्या केबिनमध्ये अख्खे कुटुंब राहू लागले. चर्चची रचना पॅरिशवर, म्हणजे भूभागावर उभी. नावाडी कुठल्याच पॅरिशचा नसल्याने तो अधार्मिक ठरवला गेला. ऑक्सफर्डला 1839 मध्ये नावाड्यांसाठी तरंगते प्रार्थनागृह आले, आणि 1841 मध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या समितीने कालव्यांवरच्या रविवारच्या वाहतुकीची चौकशी केली. नावाड्याला रविवारी थांबवावे, असा धर्मसुधारकांचा आग्रह होता. माल थांबला तर त्याला मजुरी कोण देणार, हा प्रश्न मागे राहिला. 1877 आणि 1884च्या कायद्यांनी केबिनमधल्या गर्दीवर आणि मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवले. हेतू चांगला होता, पण नावाड्यांना त्यात विचारले फारसे गेले नाही.

आजही तोच पेच आहे. मतदारयादीत नाव घालताना कायमचा पत्ता नसलेल्याला स्थानिक संबंधाचे निवेदन देता येते, ही सोय योग्य. मूल एकाच शाळेत ठेवायचे तर नौका शाळेपासून किती दूर न्यायची? ब्रिस्टलच्या न्यायालयाने 2011 मध्ये दहा मैलांच्या आत मागे-पुढे करणे हा खरा प्रवास नव्हे असे ठरवले. 2024 पासून होम मुरिंग नसलेल्या नौकांच्या परवान्यावर अधिभारही लागू झाला. शांतता शोधायला नौकेवर आलेला आणि घरभाडे परवडत नाही म्हणून आलेला, दोघेही एकाच कलमाखाली येतात. पहिल्याला दर पंधरवड्याला निघणे ही साधना वाटू शकते. दुसऱ्याला ती नोकरी, शाळा आणि दवाखाना यांपासूनची फरफट ठरते. स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत आणि बाहेरून लादलेली अट वरून सारखीच दिसतात, म्हणून व्रताचा गौरव करून अटीचे समर्थन करणे हा तर्कदोष आहे.

कायद्यातली ‘परिस्थिती पाहता वाजवी’ ही सवलत इथे कामी येते. आजारपण, बाळंतपण, इंजिन बंद पडणे, बर्फ यांसाठी मुक्काम वाढवून मिळतो. अपंग आणि वृद्धांना 2010च्या समता कायद्याखाली कमी अंतर फिरण्याची मुभा मागता येते. त्यासाठी कागदपत्रे द्यावी लागतात, आणि वाजवी काय हे पहिल्यांदा ट्रस्टच ठरवते. नौकावासीयाला ते मान्य नसेल तर तक्रार करावी लागते आणि शेवटी वाद न्यायालयात जातो.