पांढरी तीन, काळी तीन, काळी चार

पेटीसमोर बसा. उजव्या हाताचा अंगठा पांढऱ्या तीनवर ठेवा. पुढची तीन बोटं काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर जाऊ द्या, करंगळी पांढऱ्या सातवर. आता हाताकडे नीट बघा. लांब बोटांना उंच पट्ट्या मिळाल्यात, आखूड अंगठ्याला आणि करंगळीला खालच्या. कुठलंही बोट मुडपावं लागलेलं नाही की ताणावं लागलेलं नाही. मनगट सैल आहे. हात टेबलावर सहज ठेवावा तसा पडलाय.

पॅरिसमध्ये पियानोवादक-संगीतकार फ्रेडरिक शोपँकडे नवा विद्यार्थी आला की त्याचा हात पहिल्यांदा याच पाच पट्ट्यांवर ठेवला जायचा. त्यानंतर येई ती पाचही काळ्या पट्ट्यांची, बी मेजरची स्केल. आणि सी मेजर, म्हणजे पांढऱ्या एकपासून निघणारी, एकही काळी पट्टी नसलेली, जगभरच्या पियानोच्या पुस्तकांत पहिल्या पानावर असते ती स्केल, तो सगळ्यात शेवटी शिकवायचा. त्याचं म्हणणं असं की ती वाचायला सर्वांत सोपी आणि वाजवायला सर्वांत अवघड. हाताला तिथे टेकायला काही मिळत नाही. सपाट जमिनीवर पाच असमान बोटांना एका रेषेत उभं करावं लागतं.

मी नऊ वर्षांची असताना पियानो शिकायला जात होते. माझी सुरुवात अर्थातच पांढऱ्या एकपासून झाली. हाताच्या पाठीवर एक नाणं ठेवलेलं असे. ते पडलं की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरात नाणं पडायचं थांबलं, पण तोवर माझा खांदा दगडासारखा झाला होता आणि वाजवण्याची इच्छा कुठेतरी गळून गेली होती. पुढे कितीतरी वर्षांनी शोपँच्या शिष्यांच्या आठवणी वाचताना पहिल्यांदा कळलं की माझ्या हातात खोट नव्हती. जे कागदावर सोपं दिसतं ते हातालाही सोपं असणार, असं धरून मला शिकवलं गेलं होतं. ही चूक फक्त पियानोच्या वर्गात होत नाही, म्हणून हा लेख.

शोपँचा जन्म 1810 चा, पोलंडमधल्या वॉर्साजवळच्या झेलाझोव्हा व्होला या गावातला. घर मास्तरांचं. वडील मूळचे फ्रान्समधल्या लोरेनचे, वॉर्साच्या शाळेत फ्रेंच शिकवायचे. मुलाला पियानो शिकवायला आले व्होइचेख झिवनी. हे चेक गृहस्थ मुळात व्हायोलिनवादक. त्यांनी पोराला बाख आणि मोझार्ट दिले, आणि हात आपापला रस्ता शोधतोय हे दिसल्यावर त्यात ढवळाढवळ केली नाही. मुलगा बारा वर्षांचा व्हायच्या सुमारास ही शिकवणी संपली. त्यानंतर पियानो वाजवायला म्हणून शोपँला नियमित गुरू असा कुणी नव्हताच. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या पियानोवादकांपैकी एकाच्या बोटांना लहानपणी कुणी साच्यात घातलं नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

रचना शिकवली युझेफ एल्स्नर यांनी. ते स्वतः संगीतकार, वॉर्साच्या ऑपेराचे अनेक वर्षांचे संचालक. पोलंडच्या इतिहासातल्या राजांवर त्यांनी ऑपेरा लिहिले होते. 1829 मध्ये शोपँचं शिक्षण संपलं तेव्हा त्यांनी शेऱ्यात या मुलाची प्रतिभा असामान्य असल्याचं नोंदवलं. त्यांची स्वतःची एक इच्छा होती: या मुलाने पोलिश ऑपेरा लिहावा. देशाची तेव्हाची स्थिती पाहिली तर ती इच्छा किती खरी होती ते समजतं. पोलंड रशियाच्या टाचेखाली होता, आणि देशाचं गाणं रंगमंचावरून देशाच्या भाषेत ऐकू यावं असं त्या म्हाताऱ्या माणसाला मनापासून वाटत होतं. शोपँने ऑपेरा कधीच लिहिला नाही. तो पियानोजवळच राहिला, माझुर्का, म्हणजे पोलिश नाचाच्या लयीवरच्या रचना, लिहीत राहिला. एल्स्नर पत्रांतून आठवण करून देत राहिले, पण त्यापायी त्यांनी शिष्य तोडला नाही. शिष्याच्या मृत्यूनंतर ते साडेचार वर्षं जगले.

एल्स्नर यांचं मोठेपण खरं दिसतं ते 1831 मध्ये. नोव्हेंबर 1830 मध्ये शोपँने वॉर्सा सोडलं. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, आणि तो पुन्हा कधीच मायदेशी परतला नाही. एकविसाव्या वर्षी पॅरिसला पोहोचल्यावर त्याची गाठ पडली फ्रीडरिख काल्कब्रेनरशी. काल्कब्रेनर म्हणजे त्या वेळचा पियानोतला शेवटचा शब्द. त्याने शोपँला ऐकलं आणि तीन वर्षं माझ्याकडे शिक, मग तू कलावंत होशील, असं सुचवलं. शोपँ क्षणभर भुलला. त्याने घरी आणि गुरूंना लिहिलं. एल्स्नर यांना ते रुचलं नाही. ज्याचं वेगळेपण जपायला हवं त्याला दुसऱ्याच्या साच्यात ओतायला निघालेत, हे त्यांना दूर वॉर्सात बसून कळलं. डिसेंबरमध्ये शोपँने त्यांना कळवलं की आपण काल्कब्रेनरची नक्कल होणार नाही. त्याने आपला ई मायनर पियानो कन्चेर्तो काल्कब्रेनरला अर्पण केला आणि शिकायचं मात्र टाळलं.

काल्कब्रेनरची पद्धत काय होती तेही पाहायला हवं. पट्ट्यांच्या समोर एक आडवी दांडी बसवायची, तिच्यावर हात टेकवायचा, म्हणजे खांदा-दंड बाजूला राहून फक्त बोटं काम करतील. सरावाच्या वेळी वर्तमानपत्र वाचायलाही त्याची हरकत नसे, कारण बोटं एकसारखी होईपर्यंत मनाची गरज नाही. त्या काळच्या पॅरिसमध्ये ही पद्धत आधुनिक मानली जात होती. कारखान्यांचं शतक होतं, आणि पाच बोटं म्हणजे पाच सारखे हातोडे, ही कल्पना लोकांना पटत होती.

याच शहरात, बहुतेक आयुष्य शिकवण्यांवर काढत, शोपँने उलटी दिशा धरली. मैफली त्याला नकोशा वाटत. आयुष्यभरात त्याच्या जाहीर मैफली जेमतेम तीस झाल्या. घर चालायचं ते शिकवण्यांवर. हिवाळाभर रोज चार-पाच शिकवण्या, उन्हाळ्यात लेखिका जॉर्ज साँडच्या नोआँ इथल्या घरी जाऊन रचना. एका शिकवणीचे 20 फ्रँक, विद्यार्थ्याच्या घरी जावं लागलं तर 30. पैसे हातात दिले जात नसत, शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवले जात. खोलीत दोन पियानो. मोठा, प्लेयेल बनावटीचा, विद्यार्थ्यासाठी, आणि लहान, उभा पियानो स्वतःसाठी. विद्यार्थी वाजवत असताना तो शेजारून त्या लहानशा वाद्यावर एखादी जागा वाजवून दाखवी. चांगलं वाद्य शिष्याला आणि लहान गुरूला, ही मांडणीच खूप काही सांगून जाते.

तो फार गोड शिक्षक होता असा समज करून घेऊ नये. जॉर्ज मातियास या शिष्याने त्या शिकवण्या वादळी असत असं सांगून ठेवलंय, आणि रडत बाहेर पडलेल्या मुलींचे उल्लेखही आहेत. पण राग कशाचा होता ते पाहावं. कामिय द्युब्वा ही शिष्या रोज सहा तास सराव करते हे कळल्यावर तो चिडला, आणि तीन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही अशी तिला ताकीद दिली. घोटून घोटून आलेला ताठरपणा त्याला सहन होत नसे. ‘सहज, सहज’ हा शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणे.

शेवटच्या काही वर्षांत त्याने पियानोवादनाच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहायला घेतलं. ते झालंच नाही. काही सुटे कागद राहिले. त्या कागदांत एक विचार आहे, आणि माझ्या मते संगीतशिक्षणावर त्याहून मोलाचं फार थोडं लिहिलं गेलंय. तो म्हणतो की आतापर्यंत आपण निसर्गाविरुद्ध वागत आलो, सगळ्या बोटांकडून सारखाच आवाज काढू पाहत आलो. प्रत्येक बोटाची घडण निराळी, मग त्याचा स्पर्शही निराळाच असणार. तो वेगळेपणा मोडण्याऐवजी वाढवावा. अंगठ्यात बळ आहे, मधलं बोट आधाराचं, आणि अनामिका सर्वांत दुबळी, कारण ती मधल्या बोटाला जखडलेली आहे. या जखडलेपणातून तिला जबरदस्तीने सोडवू पाहणाऱ्यांचं शोपँला नवल वाटे.

मग याच माणसाने दहाव्या ओपसमधला (प्रकाशित संचातला) दुसरा एत्यूद, म्हणजे सरावासाठीची रचना, कसा लिहिला, हा प्रश्न रास्त आहे. 1833 मध्ये छापलेल्या त्या रचनेत उजव्या हाताची मधलं, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटंच अर्ध्या-अर्ध्या सुराने धावत राहतात, अंगठा-तर्जनी खाली स्वरसमूह देतात. दुबळ्या बोटांवर एवढा भार! पण बोटांचे आकडे पाहिले की उलगडा होतो. लांब मधलं बोट अनामिकेवरून, करंगळीवरून ओलांडून जातं. अंगठ्याचा वापर वाढण्यापूर्वी जुने कळवाद्यवादक असंच वाजवत. लांब बोटाने आखूड बोटावरून जायचं, दुबळ्याला एकट्याने ढकलायचं नाही. हा एत्यूद भयंकर अवघड आहे, पण त्याची अवघड वाट हाताच्या ठेवणीतून काढलेली आहे.

गाण्याबद्दलची त्याची निष्ठा आपल्याकडच्या वाचकाला लगेच कळेल. पियानो वाजवायचा असेल तर गायला शिका, इटालियन ऑपेरात जाऊन मोठे गायक ऐका, असं तो शिष्यांना सांगत असे. वाक्य कुठे संपतं, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याला बोटांतून ऐकू यायला हवं असे. लयीच्या बाबतीत तो कडक. पियानोवर मेट्रोनोम कायम ठेवलेला. डावा हात वाद्यवृंदाचा संचालक, त्याने ठोका सोडायचा नाही, उजव्याने मात्र गाणाऱ्यासारखं थोडं मागे रेंगाळावं, थोडं पुढे जावं. ठेका पक्का ठेवून त्याच्या आत मोकळं फिरणं हे आपल्या कानाला परकं नाही. हार्मोनियमही, योगायोगाने, 1840 च्या दशकात पॅरिसमध्येच आकाराला आली. तिच्यावर पट्ट्यांना आकडे देऊन आपण त्यांची जी नावं पाडली, त्यांनीच शोपँचा पहिला धडा मला मराठीत सांगता आला.

सुमारे दीडशे शिष्य त्याच्याकडे येऊन गेले असावेत असं मानतात. त्यांत बहुसंख्य उमराव घराण्यांतल्या स्त्रिया होत्या, ज्यांना व्यासपीठावर वाजवणं परवडलं तरी शोभणारं नव्हतं. पियानोवादक लिस्टकडून जशी वादकांची पिढीच्या पिढी निघाली तशी इथून निघाली नाही. अभ्यासक याची खंत करतात. मला ती पूर्ण पटत नाही. ज्या शिकवण्याची सुरुवातच समोरच्या हातापासून होते, त्याचं घराणं होणं कठीणच. त्या स्त्रियांनी जपलेल्या छापील प्रती पाहाव्यात. जेन स्टर्लिंगच्या, द्युब्वाच्या प्रतींवर शोपँच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. बोटांचे आकडे, श्वासाच्या रेघा, चुकलेल्या सुराची दुरुस्ती. आणि ई फ्लॅट मेजरच्या, नवव्या ओपसमधल्या दुसऱ्या नॉक्टर्नच्या पानांवर वेगवेगळ्या शिष्यांसाठी वेगवेगळ्या हरकती लिहून दिलेल्या आहेत. छापलेली रचना त्याच्या लेखी संपलेली नव्हती. समोर कोण बसलंय त्यावर तिच्यातल्या जागा बदलत होत्या.

एक मुलगा मात्र सगळ्यांत निराळा होता. कार्ल फिल्च, ट्रान्सिल्व्हेनियातला. अकरा-बारा वर्षांचा असताना शोपँकडे आला. विल्हेल्म फॉन लेन्झ या शोपँच्याच शिष्याने लिहून ठेवलेला प्रसंग असा: काही निवडक माणसांसमोर फिल्चने ई मायनर कन्चेर्तो वाजवला, दुसऱ्या पियानोवर शोपँ वाद्यवृंदाची साथ करत होता. संपल्यावर शोपँ फारसं बोलला नाही. त्याचे डोळे भरले होते. तो मुलाला घेऊन श्लेझिंगरच्या संगीताच्या दुकानात गेला आणि बेतोव्हनच्या ‘फिदेलियो’ या ऑपेराची स्वरलिपी विकत घेऊन त्याच्या हातात ठेवली, स्वतःची कुठलीही रचना दिली नाही. लिस्टही त्या मुलावर मोहित होता. मे 1845 मध्ये, पंधरावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, फिल्च व्हेनिसमध्ये वारला.

शोपँही फार टिकला नाही. 1848 च्या क्रांतीत पॅरिसमधले शिष्य पांगले, शिकवण्या थांबल्या, आणि तो आजारी शरीराने लंडन-स्कॉटलंडला गेला. 17 ऑक्टोबर 1849 रोजी तो गेला. अपुरी हस्तलिखितं जाळावीत असं त्याने सांगितलं होतं, मात्र पद्धतीवरचे ते कागद आल्काँ आणि रेबर या दोघा मित्रांना द्यावेत, त्यांना काही उपयोग झाला तर बघावं, अशी त्याची इच्छा होती. पुस्तक कुणी पुरं केलं नाही. कागद हातोहाती फिरत गेले, पुढच्या शतकात पियानोवादक आल्फ्रेड कोर्तो यांनी विकत घेतले, आणि आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहेत.

मी या दिवसांत पुन्हा पुन्हा ऐकतेय ते 1938 चं एक ध्वनिमुद्रण. राऊल कोचाल्स्की वाजवतायत. ते कारोल मिकुलीचे शिष्य, आणि मिकुली 1844 पासून चार वर्षं शोपँकडे शिकलेला. नॉक्टर्न तोच, ई फ्लॅट मेजरचा. सुईची खरखर आहे. डावा हात ठोका धरून चाललाय, आणि मधेच उजवा हात छापील वाट सोडून वेगळ्याच हरकतीवर जातो, सुरांची एक सर खाली ओघळते आणि कसलीही घाई न करता मूळ जागी येऊन थांबते. त्या हरकती मिकुलीपाशी होत्या म्हणून कोचाल्स्कींपर्यंत आल्या. ऐकताना दर वेळी फिल्च आठवतो. त्याच्या हाताकडे बघून शोपँने त्याच जागेवर पेन्सिलीने काय लिहून दिलं असतं, याचा विचार डोक्यातून जात नाही.