फेस किती काढायचा

प्रोटीन स्किमरच्या खोक्यावर तो किती लिटरच्या टाकीला पुरेल हे छापलेले असते. फेस किती काढायचा हे छापलेले नसते, आणि छापता येणारही नाही. खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवणाऱ्याजवळ तापमानाला थर्मामीटर असतो, क्षार मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो. स्किमरवर मात्र फक्त एक चकती असते. एका बाजूला फिरवली की आतली पातळी चढते आणि फेस पातळ होऊन भसाभस वाहतो. दुसऱ्या बाजूला फिरवली की पातळी उतरते आणि फेस दाट, कोरडा होऊन जेमतेम वर पोचतो. मध्ये कुठे थांबायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. हे ठरवणे तांत्रिक काम आहे असा समज आहे. मला तो मुळात खर्चाचा प्रश्न वाटतो.

यंत्र तसे सरळ आहे. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, प्रवाळांचा बुळबुळीत स्राव यांतून असे रेणू पाण्यात उतरतात की ज्यांचे एक टोक पाण्याला धरून असते आणि दुसरे पाणी टाळते. टाळणाऱ्या टोकाला हवा हवी असते. पंप पाण्यात बारीक बुडबुड्यांचा लोट सोडतो, हे रेणू बुडबुड्याच्या कातडीला चिकटतात, त्याच्याबरोबर वर चढतात, अरुंद मानेत फेस साचतो, त्यातले पाणी निथळून खाली जाते आणि उरलेले वाटीत सांडते. तपकिरी, घाणेरड्या वासाचे. सगळी गंमत मिठाची आहे. गोड्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. खाऱ्या पाण्यात ते सुटे राहतात. म्हणून गोल्डफिशच्या टाकीत हे यंत्र जवळजवळ निकामी, आणि समुद्राला त्याची गरजच नाही. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर पिवळसर फेसाचे पुंजके वाऱ्याने लोळत असतात, ते लाटांनी केलेले हेच काम.

इथून, धाराशिवहून, तो किनारा तीनशे किलोमीटरपेक्षा लांब. या जिल्ह्यात समुद्र आणावाच लागतो, आणि आणण्याची रीत जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर म्हणून मोठे शहर सांगितले आहे आणि तिथे किनाऱ्याकडचा माल येतो असेही म्हटले आहे. ते तगर म्हणजे आपल्या जिल्ह्यातले तेर. तिथल्या उत्खननात शंखाच्या बांगड्या निघाल्या. तेव्हा समुद्र बैलाच्या पाठीवरून आला, आज मिठाच्या पुड्यातून येतो. फरक एवढाच की बांगडी आणली की काम संपत असे. टाकीतला समुद्र रोज सांभाळावा लागतो.

फेस नजरेने ओळखणारी माणसे मात्र या जिल्ह्याला परकी नाहीत. मांजरा-तेरणेच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळ पेटले की काहिलीजवळ उभा राहणारा गुळव्या दुसरे काय करतो? रस तापू लागला की भेंडीचा चिकट रस टाकायचा, मळी गोळा होऊन वर आली की झाऱ्याने ओढून काढायची. लवकर काढली तर पुरती बांधलेली नसते, उशीर केला तर उकळीत फुटून पुन्हा रसात मिसळते. शिवाय झाऱ्याबरोबर थोडा रस जातोच. मळी तेवढी निघाली आणि रसाचा थेंबही गेला नाही, असे आधण कुणी उतरवलेले नाही. चांगला गुळव्या किती रस घालवायचा हे जाणतो. आणि शेवटी पाक उतू जाऊ लागला की तेलाचे दोन थेंब टाकतो. फेस गपकन बसतो. नेमके हेच स्किमरमध्ये नको असताना घडते. कुणी तेलकट हात टाकीत घातला, किंवा गोठवलेले खाद्य जरा जास्त पडले, की त्यातल्या स्निग्ध अंशाने काही तास फेसच धरत नाही. मालक घाबरून चकती फिरवतो. तेल ओसरते, फेस परततो, आणि फिरवलेल्या चकतीमुळे रात्री वाटी भरून वाहते.

आता हिशेब. २०० लिटरची टाकी, लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे पाण्यात एकूण ७ किलो. पाणी आरशासारखे दिसावे म्हणून मालकाने फेस पातळ ठेवला आणि वाटीत रोज अर्धा लिटर चहाच्या रंगाचे पाणी जमू लागले. त्यातल्या घाणीचे वजन नगण्य. जाते ते बहुतांशी खारे पाणीच. आठवड्याला साडेतीन लिटर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास क्षार. घटलेली पातळी फ्लोट व्हॉल्व्ह गोड्या पाण्याने भरतो, कारण पाणी वाफ होऊन गेले की वाटीत गेले हे त्याला कळत नाही. पाणी बदलले नाही आणि क्षार मोजले नाहीत, तर दोन महिन्यांत ३५ चे ३० होतात. टाकी दिसायला पूर्वीपेक्षा स्वच्छ असते. प्रवाळ मात्र मिटायला लागलेले असतात. उलट फेस फार कोरडा ठेवला तर वाटीत काळपट राड जमते, थोडी, पण मन सुखावणारी. तेवढ्यात पुष्कळ विरघळलेली घाण मागे राहून सडते आणि नायट्रेट होते.

आणि कसाही लावला तरी स्किमर सगळे काढत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये हे मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा स्किमरने निघतो. बाकीचे रेणू बुडबुड्याला दादच देत नाहीत. वेगवेगळ्या स्किमरमध्ये डोळ्यात भरावा असा फरकही त्यांना सापडला नाही. ही बातमी विक्रेत्यांना रुचणारी नाही, पण टाकीवाल्याने ती दिलाशासारखी घ्यावी. उरलेले काम जिवाणूंचे, शेवाळाचे, पाणी बदलण्याचे. चकतीच्या पाव फेऱ्यात स्वर्ग लपलेला नाही.

तरी हात शिवशिवतो. नवा स्किमर सुरुवातीचे काही दिवस, कधी दोन आठवडे, वेड्यासारखा वागतो. त्याच्या प्लॅस्टिकवरचे तेलकट अंश जाऊन आतून पातळ जैविक थर बसेपर्यंत त्या फेसाला अर्थ नसतो. नेमक्या त्याच दिवसांत मालक सर्वांत जास्त फिरवाफिरव करतो. त्यात आपला मे महिना. टाकीखालच्या सम्पमधले पाणी झपाट्याने उडते, पातळी बोटभर उतरते, फेस कोरडा पडतो. चकती पातळ फेसाच्या बाजूला फिरवली जाते. संध्याकाळी कुणी बादलीभर पाणी ओतते आणि स्किमर उतू जातो. दोष चकतीचा नव्हता, पातळीचा होता. भारनियमनातही तेच. वीज गेली की वरच्या टाकीतले पाणी खाली सम्पमध्ये उतरते, वीज आली की स्किमर त्या चढलेल्या पाण्यात सुरू होतो आणि दोन मिनिटांत वाटी भरतो. म्हणून माझ्या मते या भागात चकतीच्या आधी दोन गोष्टी लावाव्यात: सम्पमध्ये पातळी कायम राखणारा कप्पा, आणि वीज आल्यावर काही मिनिटांनी स्किमर सुरू करणारा टायमर. मग चकती एकदाच, थोडी, आणि पुढचा पूर्ण दिवस हात खिशात.

गुळाच्या धंद्यात नितळपणाचा हट्ट कुठवर जातो हे आपण पाहिलेले आहे. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा म्हणून काहिलीत हायड्रॉसची पावडर पडते. रंग उजळतो, गूळ सुधारतो असे नाही. टाकीबाबतही पाहुण्याला काच दिसते, क्षार दिसत नाहीत. दोन्हीकडे डोळ्यांना सुख देणारी गोष्ट आणि खरोखर हवी असलेली गोष्ट यांत अंतर आहे, आणि चकती फिरवताना आपण या दोहोंपैकी कुणाला खूश करतो आहोत हे विचारायला हरकत नसावी.

धाराशिवात हा प्रश्न जास्त बोचरा होतो, कारण इथे पाणीच मोलाचे. शहराचे पाणी उजनी धरणातून पाइपने येते. बोअरच्या जड पाण्यात समुद्र कालवता येत नाही, त्यासाठी आरओचे पाणी लागते, आणि एक लिटर आरओमागे दोन-तीन लिटर बाहेर पडते. दर आठवड्याला टाकीचे २० लिटर पाणी बदलायचे तर साठ ते ऐंशी लिटर हाताळावे लागते. घाण सडण्याआधीच काढणारा स्किमर नीट लागला तर हे बदलणे लांबवता येते. त्या अर्थाने तो इथे चैनीच्या वस्तूतला काटकसरीचा भाग आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडे होता. तिथे ही चिंता कुणाला शिवली नसेल.

आरओचे वाया जाणारे पाणी भांड्यांना, फरशीला, संडासाला चालते. इथल्या घरांत तांदूळ धुतलेले पाणी म्हशीला आणि आंघोळीचे कढीपत्त्याला जाते, तसे तेही मार्गी लागते. वाटीतले आणि बदललेले खारे पाणी मात्र कशालाच चालत नाही. झाडाला घातले तर माती बिघडते, जनावर तोंड लावत नाही. ते गटारात ओतावे लागते, आणि ओतताना ते कमीत कमी कसे भरेल यासाठी चकती थोडी कोरड्या बाजूला ठेवावी, पाण्याला किंचित पिवळी झाक आली तरी चालवून घ्यावी, असे माझे मत झाले आहे. मुंबईतला टाकीवाला कदाचित वेगळे सांगेल.