परत आणल्यानंतर

गेल्या श्रावणात माझ्या थोरल्या भावाचे हृदय इस्पितळात थांबले. डॉक्टरांनी छातीवर दाब देऊन, विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालू केले. निरोप कळताच आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी फर्दापुराहून पेढे घेऊनच निघालो. डॉक्टरांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, "गुरुजी, हृदय आले आहे, माणूस अजून यायचा आहे."

या बोलण्याचा अर्थ मला तिथेच हळूहळू उमगला. रक्त थांबले की पेशींना प्राणवायू मिळत नाही. त्या साखर अर्धवट जाळून तग धरतात आणि अंगात आम्ल साठते. इथवर माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यालाही समजत होते. नवल पुढेच होते. रक्त पुन्हा वाहू लागले, की ज्या प्राणवायूवाचून पेशी तडफडत होत्या, तोच त्यांना पोळतो! पेशींतली भट्टी बिघडलेली असते. प्राणवायूचे दाहक कण होतात आणि तेच पेशींना इजा करतात. रक्तात साखर चढते, पण ती नीट वापरण्याचे बळ देहात नसते. मॉस्कोच्या व्लादिमीर नेगोव्स्की यांनी १९७२ मध्ये या अवस्थेला पुनरुज्जीवनानंतरचा एक स्वतंत्र आजारच मानले. म्हणून डॉक्टर प्राणवायूदेखील मोजून देतात, ताप चढू देत नाहीत, साखरेवर नजर ठेवतात.

दादा घरी आले आणि आम्ही हे सारे विसरलो. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ताटात आग्रहाचे वाढप सुरू झाले. दादा नावे विसरत, लहानसहान गोष्टीवर चिडत. एकदा मी रागाने म्हणालो, "दादा, तुम्हाला आम्ही यमाच्या दारातून आणले, त्याचे काहीच नाही?"

दादांनी सारी हयात पाहुण्यांना अजिंठ्याची लेणी दाखवण्यात घालवली. ते शांतपणे म्हणाले, "लेण्यांतल्या चित्रांवर आपण प्रखर दिवा धरतो का रे? मग माझ्यावरच का धरतोस?"

मी खाली मान घातली. ज्याला आपण वाचवले, त्याच्यावर आपला हक्क वाढतो, असे मी धरून चाललो होतो. वाढते ते आपले देणे.

वटपौर्णिमेला आपण सावित्रीची कथा ऐकतो ती बहुधा यमाच्या वरापर्यंतच. महाभारतात ती पुढेही चालते. सत्यवान जागा होतो, पण सावित्रीला तो अजून आजारीच वाटतो. सावित्री त्याचा हात आपल्या खांद्यावर घेते, त्याची कुऱ्हाड स्वतः उचलते आणि रात्रीच्या अरण्यातून त्याला सावकाश घरी नेते. यमाशी वाद घालणारी सावित्री मला ठाऊक होती. कुऱ्हाड उचलणारी आता कळली.

यंदा आमच्या अंगणात फटाके नाहीत. दादांच्या खोलीशी एकच पणती आहे, आणि तिची वात मी मुद्दामच बारीक ठेवली आहे.